गाडीला दम लागतो तेव्हा

"डॉक्टर, चढाला दम लागतोय." सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत हे वाक्य मी रोज दहा वेळा ऐकते. गेल्या हिवाळ्यात मात्र ते मला स्वतःला बोलावं लागलं आणि तेही गाडीबद्दल. माझी पेट्रोलची छोटी गाडी अकरा वर्षांची. तिने आजवर कधी तक्रार केली नव्हती. पण आईला घेऊन रविवारी जोतिबाला निघाले, तर डोंगराच्या चढाला गाडी दुसऱ्या गिअरवर ओढेना. पहिला टाकला तेव्हा कशीबशी वर चढली. मागचे हॉर्न वाजवत होते आणि शेजारी बसलेली आई म्हणत होती, "तुझी गाडी आणि मी, दोघी म्हाताऱ्या झालो बघ."

आवाज त्याच्या आधीच सुरू झाला होता. सकाळी गाडी चालू केली की बॉनेटखालून टक टक टक ऐकू यायचं. पाच-दहा मिनिटांनी ते बंद व्हायचं, म्हणून मीही दुर्लक्ष केलं. "थोडा वेळ दुखतं, मग आपोआप थांबतं" असं सांगत सहा महिने दवाखाना टाळणाऱ्या रुग्णांवर मी चिडते, आणि स्वतः तेच करत होते.

तिसरं लक्षण गाडीचं नव्हतं, आईचं होतं. दर आठवड्याला तिला गुडघ्याच्या उपचारासाठी वारणानगरहून कोल्हापूरला न्यावं लागे. ऊसतोडीचा हंगाम असल्यामुळे रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग, धूळ आणि संथ चाल. काचा बंद करून आम्ही जायचो. अर्ध्या वाटेवर आई डोकं धरायची, कधी मळमळतंय म्हणायची. रात्रीपर्यंत बरं वाटायचं. मी तिचा रक्तदाब तपासला, चष्म्याचा नंबर तपासून घेतला, पॅरासिटामॉल दिली. माझंही डोकं जड व्हायचं, पण ते मी ड्युटीच्या आणि ट्रॅफिकच्या खात्यावर टाकलं होतं.

आधी रिपोर्ट, मग रुग्ण

गाडी एका गॅरेजला दाखवली. त्यांनी संगणकाचा स्कॅनर जोडला. हल्लीच्या गाड्यांत इंजिनावर लक्ष ठेवणारे सेन्सर असतात, आणि काही बिघडलं की संगणक एक कोड नोंदवून ठेवतो. डॅशबोर्डवरचा पिवळा 'चेक इंजिन' दिवा लागतो तो त्यामुळेच. कोड निघाला 'मिक्श्चर लीन', म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय. त्यांनी एअर फिल्टर, प्लग आणि ऑक्सिजन सेन्सर बदलला. दिवा विझला आणि चार दिवसांनी पुन्हा लागला. आवाज होता तसाच होता. दुसऱ्या खेपेला सांगण्यात आलं, "टॅपेटचा आवाज आहे, हेड खोलावं लागेल." खर्चाचा आकडा ऐकून मी गाडी घेऊन परत आले.

नंतर मी गेले आमच्या भागातल्या एका वयस्कर मेस्त्रींकडे. त्यांची तरुणपणीची वर्षं कोल्हापूरच्या उद्यमनगरात ऑइल इंजिनांची कामं करण्यात गेली. इंजिनांच्या त्या गोंगाटात त्यांचे कान अर्धे गेले आहेत. तरी आवाजाची गाडी असली की लोक त्यांच्याकडेच येतात.

मेस्त्रींनी आधी बॉनेट उघडलंच नाही. चहा सांगितला आणि विचारायला सुरुवात केली.

"कवापास्नं वाजतंय?"

"गार असताना वाजतंय का तापल्यावर?"

"अ‍ॅक्सिलरेटर दाबला की आवाज वाढतोय का, का गाडी पळाय लागल्यावरच?"

"पेट्रोल जास्ती खातीया का?"

"दिवा कसला लागलाय, पिवळा का लाल? लुकलुकतोय का नुसता पेटलाय?"

वैद्यकीय महाविद्यालयात पहिल्या वर्षीच्या वॉर्डात आम्हाला हेच शिकवलं होतं. आजार कधी सुरू झाला, कशाने वाढतो, कशाने कमी होतो, सोबत आणखी काय होतं. निम्मं निदान इथेच होतं. तपासण्या त्यानंतर येतात.

इंजिनाचा श्वास

मेस्त्रींचे प्रश्न असे का होते, हे समजायला इंजिन थोडं समजून घ्यावं लागतं. पेट्रोल इंजिनाला ताकदीसाठी चार गोष्टी लागतात. पुरेशी हवा, मोजकं पेट्रोल, नेमक्या क्षणी ठिणगी आणि सिलिंडरमध्ये नीट दाब. पाचवी गोष्ट बहुतेक जण विसरतात, ती म्हणजे जळून उरलेला वायू मोकळेपणाने बाहेर जाणं. माणसाचंही तसंच आहे. दमेकऱ्याला श्वास आत घेण्यापेक्षा बाहेर सोडणं जड जातं. उरलेला श्वास बाहेर पडला नाही, तर नवा आत यायला जागाच उरत नाही. इंजिनाचा धुराचा मार्ग तुंबला की हेच होतं. सपाटीवर काही जाणवत नाही. चढ आला, भार वाढला की दम लागतो.

गाडी ओढत नाही म्हणजे दर वेळी इंजिनच बिघडलंय, असंही नसतं. इंजिन जोरात ओरडतंय पण गाडी वेग घेत नाही, तर क्लच प्लेट घसरत असू शकते. ब्रेक अडकून राहिला असेल, तर एखादं चाक इतरांपेक्षा फार तापलेलं सापडतं. माणसालाही दम लागण्याचं कारण कधी फुप्फुसात असतं, कधी हृदयात आणि आपल्याकडे पुष्कळदा रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या कमतरतेत.

आवाज ओळखायला तर सामान्य माणूसही शिकू शकतो. गाडी उभी असताना अ‍ॅक्सिलरेटर दिल्यावर आवाजाचा ठेका वाढला, तर तो इंजिनाचा. गाडी उभी असताना गप्प आणि पळताना वेगाबरोबर वाढणारी घरघर असेल, तर संशय चाकाच्या बेअरिंगवर किंवा टायरवर. सकाळी सुरू करताना किंचाळल्यासारखा आवाज आला तर पट्टा बघावा. इंजिनाच्या वरच्या भागातून हलकी, जलद टकटक येत असेल, तर आधी ऑइलची पातळी बघावी. खालच्या भागातून जड, खोल ठोके येत असतील आणि भार दिल्यावर ते वाढत असतील, तर गाडी पुढे नेऊ नये. तो आतल्या बेअरिंगचा आवाज असू शकतो, आणि अशी गाडी चालवत राहिलं तर इंजिन जातं. डिझेल गाडीला शिट्टीसारखा आवाज, काळा धूर आणि ओढ कमी, हे तिन्ही एकत्र दिसले तर टर्बोची नळी फाटलेली असू शकते.

धूरही बोलतो. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा म्हणजे इंधन जास्त होतंय. इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर थांबत नसेल, तर रेडिएटरचं पाणी सिलिंडरमध्ये झिरपतंय. थंडीच्या सकाळी थोडी वाफ दिसते, तिची काळजी नको.

पेचकस आणि रबरी नळी

मेस्त्रींनी आता बॉनेट उघडलं. एक लांब पेचकस घेतला, त्याचं टोक टॅपेटच्या झाकणावर टेकवलं आणि मूठ कानामागच्या हाडाला लावली. मला हसू आलं, कारण कंप पावणारा ट्यूनिंग फोर्क आम्ही रुग्णाच्या नेमक्या त्याच हाडावर टेकवून त्याची श्रवणशक्ती तपासतो. धातूतून आलेला कंप हाडावाटे थेट आतल्या कानापर्यंत पोचतो, आजूबाजूच्या गोंगाटातून वेगळा कळतो. पेचकसाची जागा बदलत मेस्त्री म्हणाले, "टॅपेट चांगलं हाय. हेड खोलायचं काय काम न्हाई."

मग त्यांनी हातभर लांब रबरी नळी घेतली. एक टोक कानाशी धरलं आणि दुसरं टोक इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या लोखंडी नळ्यांच्या जोडावरून हळूहळू फिरवलं. एका जागी ते थांबले आणि नळी माझ्या हातात दिली. फक् फक् फक्, असा स्पष्ट फुंकर मारल्याचा आवाज येत होता. लांबून ऐकताना टक टक वाटत होती ती हीच.

पॅरिसच्या एका रुग्णालयात 1816 साली रेने लाएनेक या डॉक्टरने कागदाची सुरळी करून एका तरुण रुग्ण स्त्रीच्या छातीला लावली आणि तिच्या हृदयाचे ठोके त्याला अधिक स्पष्ट ऐकू आले. स्टेथोस्कोपचा जन्म तो. त्याच्याही आधी, 1761 साली, व्हिएन्नातल्या लिओपोल्ड औएनब्रुगर याने छातीवर बोटांनी ठोकून आतलं पाणी ओळखण्याची पद्धत प्रसिद्ध केली. तो खानावळवाल्याचा मुलगा होता. पिंपावर ठोकून आत मद्य किती उरलंय हे ओळखतात, ते लहानपणापासून त्याला ठाऊक होतं. वैद्यकाने कारागिरांकडून घेतलेलं ज्ञान मेस्त्रींच्या हातात मी पुन्हा बघत होते.

कोण खोटं बोलतंय?

आवाज सापडला, पण गाडीची ओढ कमी का झाली आणि कोड 'लीन' का येतोय? मेस्त्रींनी नवा बसवलेला प्लग काढून दाखवला. तो काळाकुट्ट काजळला होता. पेट्रोल कमी पडत असेल, तर प्लग काळा होत नाही. पेट्रोल जास्त झालं की होतो.

मेस्त्री म्हणाले, "बगा डॉक्टरबाई, कागद म्हनतोय गाडी उपाशी हाय. आन प्लग म्हनतोय पोट फुटेस्तवर जेवलीया. दोघातलं एक कुनीतरी फसतंय."

फसत होता ऑक्सिजन सेन्सर. तो धुरातला ऑक्सिजन मोजतो. धूर इंजिनातून झटक्या-झटक्याने बाहेर पडतो, आणि दोन झटक्यांच्या मध्ये नळीतला दाब क्षणभर उतरतो. सेन्सरच्या आधीच्या जोडाला फट असेल, तर त्या क्षणी बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला ऑक्सिजन जास्त दिसतो. संगणकाला वाटतं पेट्रोल कमी पडलं, आणि तो आणखी पेट्रोल सोडतो. गॅरेजने बदललेला सेन्सर बिघडलेला नव्हताच. तो बिचारा समोर दिसेल तेच सांगत होता.

जास्तीचं पेट्रोल पूर्ण जळत नाही आणि पुढे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातं. मधाच्या पोळ्यासारखी बारीक भोकं असलेला तो ठोकळा असतो. त्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम अशा धातूंचा मुलामा असतो, आणि तो विषारी वायूंचं कमी घातक वायूंत रूपांतर करतो. न जळलेलं पेट्रोल तिथे जळू लागलं की ठोकळा वाजवीपेक्षा तापतो, पोळं वितळतं, भोकं बुजतात. मेस्त्रींनी सायलेन्सरच्या टोकामागे हात धरून मला अ‍ॅक्सिलरेटर द्यायला सांगितलं. धुराचा झोत अगदीच मंद होता. गाडीला दम का लागत होता, त्याचं उत्तर मिळालं.

सुरुवात झाली होती जोडाची एक नटबोल्ट तुटून आणि गॅस्केट जळून. धातू गार असताना फट मोठी असे, तापून पसरला की ती बरीचशी मिटे. म्हणून आवाज सकाळीच यायचा. आवाज थांबायचा, गळती मात्र चालूच राहायची.

आईची डोकेदुखी

मेस्त्रींनी जोडाभोवतीची काजळी बोटाने दाखवली आणि सहज विचारलं, "गाडीत बसल्यावर कुनाचं डोकं बिकं दुखत न्हाई न्हवं?"

मी गप्प झाले.

न जळलेल्या इंधनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा 200 पटींहून अधिक घट्ट चिकटतो आणि रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकद हिरावून घेतो. माझ्या गाडीत हा वायू कन्व्हर्टरमध्ये जाण्याआधीच गळत होता, शिवाय जास्तीच्या पेट्रोलमुळे वाढलेलाही होता. पुढच्या काचेखालून बाहेरची हवा आत घेणारी जाळी बॉनेटच्या अगदी मागे असते. ट्रॉल्यांच्या मागे गाडी संथ चालते तेव्हा बॉनेटखालचा वायू वाऱ्याने उडून जात नाही. आम्ही काचा बंद करून, पंखा लावून, तास-तासभर बसत होतो.

आईचं हिमोग्लोबिन नऊच्या आसपास असतं. मुळातच भांडवल कमी असलेल्या माणसाला थोडं नुकसानही जड जातं. म्हातारी माणसं, गरोदर स्त्रिया, लहान मुलं, हृदयरोगी आणि रक्त कमी असलेले यांना या वायूचा त्रास आधी आणि जास्त होतो. लक्षणंही कोणाला संशय येऊ नये अशीच आहेत. डोकेदुखी, चक्कर, मळमळ, थकवा. प्रमाण वाढलं की गुंगी, बेशुद्धी आणि मृत्यू.

आईची डोकेदुखी त्यामुळेच होती, हे मी सिद्ध करू शकत नाही. त्यासाठी त्या वेळी रक्तातलं कार्बोक्सिहिमोग्लोबिन मोजायला हवं होतं, आणि मी ते मोजलं नाही, कारण मला सुचलंच नाही. गाडी दुरुस्त झाल्यापासून त्याच रस्त्याने जाताना ती डोकं धरत नाही, एवढं सांगते. 'हे दुखणं गाडीतून उतरल्यावर कमी होतं का? सोबतच्या कोणाला होतं का?' हे दोन प्रश्न मी आईला विचारायला हवे होते. एका मेस्त्रीने ते मला विचारले.

करोनानंतर घरोघरी आलेल्या ऑक्सिमीटरवर इथे भिस्त ठेवू नका. बोटाला लावायचं ते साधं यंत्र ऑक्सिजन वाहणारं हिमोग्लोबिन आणि कार्बन मोनॉक्साइडने अडवलेलं हिमोग्लोबिन यांतला फरक ओळखू शकत नाही. माणूस गुदमरत असतानाही आकडा 98 दाखवू शकतो. गाडीत असताना एकाहून अधिक जणांना डोकेदुखी किंवा गुंगी आली, तर इंजिन बंद करा, सगळ्यांना मोकळ्या हवेत आणा. कोणी बेशुद्ध असेल, छातीत दुखत असेल, गोंधळल्यासारखं बोलत असेल किंवा गरोदर असेल, तर 108 ला फोन करा. डॉक्टरांना 'चालू गाडीत बसलो होतो' हे आवर्जून सांगा. उपचार ऑक्सिजनचाच आहे. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजन दिला तर साधारण तास-दीड तास.

यात्रेच्या काळात डोंगरावर गाडी उभी करून, काचा लावून, एसी चालू ठेवून लोक झोपतात. शटर ओढलेल्या जागेत सकाळी गाडी गरम करत ठेवतात. सायलेन्सर फुटलेली गाडी डिकी अर्धवट उघडी ठेवून चालवतात. तिन्ही जीवघेणं आहे.

आवाज दाबायचा की कारण शोधायचं?

कन्व्हर्टर महाग असतो. तो बदलण्याऐवजी आतली जाळी फोडून काढण्याचा सल्ला मलाही एकाने दिला होता. गाडी पुन्हा ओढते, हे खरं. पण मग जो विषारी वायू तो थांबवत होता, तो गावाच्या नाकात जातो. मी नवा बसवला.

इंजिनाचा आवाज दाबण्याच्या नादात जगाने एकदा फार मोठी किंमत मोजली आहे. चढाला अ‍ॅक्सिलरेटर दाबला की डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येतो, त्याला नॉकिंग म्हणतात. सिलिंडरमधलं मिश्रण ठिणगीने पेटल्यावर ज्योत पसरत जायला हवी. तिच्या आधीच उरलेलं मिश्रण आपोआप पेट घेऊन स्फोट करतं. 1921 मध्ये अमेरिकेत थॉमस मिजली याने शोधलं, की पेट्रोलमध्ये टेट्राइथाइल लेड हे शिशाचं संयुग मिसळलं तर हा आवाज बंद होतो. 1924 मध्ये न्यू जर्सीत ते बनवताना पाच कामगार शिशाच्या विषबाधेने दगावले. तरी ते पेट्रोल जगभर पसरलं, आणि अनेक पिढ्यांच्या मुलांच्या रक्तात शिसं जाऊन त्यांच्या मेंदूच्या वाढीला इजा झाली. भारतात शिसेयुक्त पेट्रोल 2000 साली बंद झालं. जगातल्या शेवटच्या देशात, अल्जीरियात, 2021 मध्ये.

म्हणून आवाज बंद करणाऱ्या बाटल्या आणि डोकं थांबवणाऱ्या गोळ्या, दोन्हींबाबत आधी कारण विचारावं. लाल दिवा, ऑइलचा असो वा तापमानाचा, लागला की गाडी बाजूला घेऊन थांबायचं. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. त्या वाफेने भाजलेले चेहरे आमच्या वॉर्डात येतात. पिवळा दिवा नुसता पेटला असेल तर लवकर दाखवायचं. लुकलुकत असेल तर वेग कमी करून जवळचं गॅरेज गाठायचं, कारण इंजिन मिसिंग मारतंय आणि कन्व्हर्टर जळतोय. मेस्त्रीकडे जाताना आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करून न्या आणि तो केव्हा येतो ते लिहून न्या. आणि गाडीत कोणाचं डोकं दुखतं का, हेही सांगा.

मेस्त्रींनी जोडाची पातळी घासून सरळ केली, नवीन गॅस्केट आणि नटबोल्ट बसवले. पुढच्या रविवारी आईला पुन्हा जोतिबाला घेऊन गेले. गाडी दुसऱ्या गिअरवर चढली. वर पोचल्यावर आई म्हणाली, "आता गाडी बरी झाली. माझे गुडघे तेवढे राहिले."

मेस्त्रींना मी कानांच्या तपासणीला बोलावलं आहे. दोनदा तारीख दिली. अजून आले नाहीत.